मधली

धर

पट्टा कापला होता, आणि तोही धड नाही. बोथट हत्याराने चावत चावत कापला होता. दांडेवालीने दोन्ही टोकं जुळवून पाहिली, कापणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि पट्टा इंजिनावर टाकला. याच्याआधी कुणी डिझेलच्या टाकीत वाळू ओतली होती. त्याच्याआधी आकाशपाळण्याच्या एका डब्याची बैठक कुऱ्हाडीने फोडली होती. सुट्ट्यांचे दिवस, तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाड्यांची रीघ, आणि पाळणा आपला उभा.

कुणी कापला हे विचारण्यात अर्थ नव्हता. दोघांपैकी कुणीही कापला असता.

जागेच्या उगवतीला किल्लेवाल्यांची भिंत, मावळतीला पाणीवाल्यांची. किल्लेवाल्यांकडे सिमेंटचा किल्ला, खोट्या तोफा आणि माणसाला उलटं टांगून फिरवणारी रेल्वे. पाणीवाल्यांकडे घसरगुंड्या आणि लाटा मारणारा हौद. एकाने बुरूज उंच केला की दुसरा घसरगुंडी त्याहून उंच करी. एकाने नाचणारी माकडं आणली की दुसरा नाचणारे मासे आणी. असं वाढता वाढता दोघेही जिथे येऊन अडले, ती ही मधली. एकेकाळी हिच्या दोन्ही अंगांना याच घराची शेतं होती. ती विकली गेली, तिथे भिंती आल्या. उरली मधली: दोन खोल्या, विहीर, वांग्या-मिरच्यांचे वाफे आणि म्हाताऱ्याने स्वतःच्या हातांनी उभा केलेला आकाशपाळणा. किल्लेवाल्यांना त्यांची रेल्वे वळवायला मधली हवी होती, पाणीवाल्यांना तिची विहीर हवी होती. दोन घरांतून एकदम मागणी आलेल्या मुलीसारखी तिची गत झाली होती, आणि बाप काही हो म्हणत नव्हता.

म्हातारा म्हणजे दांडेवालीचा सासरा. पाळणा फिरतोय तोवर मधली कुणाला मिळायची नाही, असं त्याने दोन्हीकडच्या माणसांना तोंडावर सांगून टाकलं होतं. तेव्हापासून पाळणा फिरू नये याची कुणीतरी डोळ्यांत तेल घालून काळजी घेत होतं.

दांडेवालीचं नाव पडलं ते कामावरून. पत्र्याच्या आडोशात इंजिन होतं, इंजिनाशेजारी लोखंडी दांडा. तो अंगाचा भार टाकून दाबून धरला की लाकडी ठोकळा चाकाच्या कडेवर बसे आणि पाळणा थांबे. पत्र्याआडून तिला पाळणा दिसत नसे. पत्रा जमिनीपासून हातभर वर संपे, तेवढ्या फटीतून फक्त पाय दिसत. पलीकडे म्हातारा माणसं बसवी, कड्या लावी आणि ओरडे. 'धर' म्हटलं की दाबायचं. 'सोड' म्हटलं की सोडायचं. इंजिनाच्या धडधडीतून तेवढेच शब्द पोहोचत, आणि म्हातारा ते एकदाच ओरडे. पुन्हा सांगावं लागलं तर दिवसभर तोंड आंबट करून बसे. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा सासरा तिच्याशी बोलला ते पहिले शब्द हेच दोन, आणि पुढे कितीतरी दिवस हेच दोन. आता डोक्याला कळायच्या आत ते हाताला कळत.

तिने दाभण घेतलं, तारेने पट्टा शिवायला बसली. बोटं रक्ताळली. दुपार कलताना पट्टा चढला. पलीकडून म्हातारा ओरडला, तिने दांडा सोडला, आणि दोन भिंतींच्या मध्ये पाळणा कुरकुरत वर गेला. किल्ल्याच्या तटावरून कुणीतरी एक दगड भिरकावला. तो डब्यावर वाजला आणि वाफ्यात पडला.

सोड

तिचा नवरा, थोरला, किल्लेवाल्यांकडे अस्वल होता.

सकाळी अस्वलात शिरायचं, संध्याकाळी बाहेर यायचं. त्याचा अस्तराचा कपडा धुवायला घरी येई, त्याला येणारा वास माणसाचाही नसे आणि जनावराचाही नसे. ती त्याचा बनियन सोलून काढल्यासारखा काढी. आतली कातडी पांढरी, सुरकुतलेली, काखेत आणि मांड्यांत घामोळं पिकलेलं. पोटावर निळे डाग असत. पोरं बुक्क्या मारत, आणि त्यांचे बाप मागे उभे राहून अजून जोरात मार म्हणत. एकाने पाठीच्या केसांत जळती विडी खोचली होती. आतपर्यंत चटका पोहोचला तरी थोरला नाचत राहिला, कारण अस्वलाने बोलायचं नाही असा तिथला नियम होता. अस्वल बोललं की खोटं ठरतं. एकदा बोट दारात सापडून त्याच्या तोंडून 'आई गं' निघालं, तर मुकादमाने त्याला आठ दिवस संडास धुवायला लावलं. तेव्हापासून तो घरीही मान हलवूनच उत्तर देऊ लागला.

"अहो, बाहेर आलात. आता तरी बोला," ती म्हणे.

तो मान हलवी.

धाकटा तिचा दीर. तो पाणीवाल्यांकडे राखणदार होता. काळा गणवेश, काळे बूट, हातात दंडुका. अंगाने दांडगा, जिभेने त्याहून दांडगा. वहिनीच्या हातचं जेवताना तिची थट्टा करी, मीठ टाकायलाही बाबांनी ओरडायला हवं का म्हणे. पण हल्ली दोघे भाऊ जेवायला एकमेकांकडे पाठ करून बसत. धाकटा म्हणे, आमच्या साहेबांनी आज पुन्हा विचारलं. थोरला मान हलवून सांगे की आमच्याही. दोन्हीकडच्या साहेबांनी आपापल्या माणसाला सांगितलं होतं की तुझ्या भावाच्या मालकाला जागा गेली तर उद्यापासून येऊ नकोस.

म्हातारा एकदा भाताचं बोट चाटत म्हणाला, "तुमच्या साहेबांचीही ताटं वाढा. रोज इथेच तर असतात."

 धाकट्याने ताट ढकललं आणि भावाच्या पाठीला उद्देशून म्हणाला, की दरवेशाच्या अस्वलासारखा हाही नाचतोय, फक्त दोरी दिसत नाही. थोरल्याने हातातला तांब्या फेकला. तो धाकट्याच्या भुवईवर लागला. म्हातारा दोघांच्या मधून उठला, विहिरीवर जाऊन हात धुऊन आला आणि काही झालंच नाही असा पुन्हा जेवायला बसला.

धर

भांडण चव्हाट्यावर आलं ते बस थांबतात त्या तिठ्यावर.

तिथे उतरणारा माणूस डावीकडे वळला तर किल्लेवाल्यांचा, उजवीकडे वळला तर पाणीवाल्यांचा. त्यासाठी किल्लेवाले अस्वल पाठवत. अस्वल बसच्या दाराशी नाचलं की पोरं त्याच्यामागे जात आणि पोरांमागे आईबाप जात. पाणीवाल्यांची गर्दी ओसरली. मग एका सकाळी त्यांचे राखणदार आले, आणि पत्रकं वाटायला आले नव्हते.

दांडेवाली समोरच्या दुकानात वंगण घ्यायला आली होती. तिने आधी अस्वल पाहिलं आणि ओळखलं. थोरल्याचा डावा पाय बाहेर वळलेला. लहानपणी पाळण्यावरून पडला तेव्हाचा. घोंगडीत गुंडाळून चालवला तरी घरातल्या कुणालाही तो चालीवरून कळला असता. मग तिने काळे बूट पाहिले.

पहिला दंडुका अस्वलाच्या डोक्यावर बसला. धूळ उडाली, नुसती धूळ, गादी झाडावी तशी. बसमधले लोक हसले. त्यांना वाटलं खेळ चाललाय. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी पोराला नीट दिसावं म्हणून खांद्यावर घेतलं. चार-पाच जण अस्वलाला घेरून मारत होते आणि अस्वल गुडघ्यावर येऊन, दोन्ही पंजे डोक्यावर धरून, गप्प मार खात होतं. त्यांच्यात धाकटा होता. त्याने दोन्ही हातांनी दंडुका उचलला आणि खांद्यावर घातला. या वेळी धूळ उडाली नाही. ओलं लाकूड मोडल्यासारखा आवाज आला. त्याने पुन्हा उचलला. पुन्हा.

दांडेवाली ओरडत रस्त्यात घुसली. मध्ये बस होती, बसचा भोंगा होता. तिला वळसा घालून ती पोहोचेपर्यंत अस्वल आडवं झालं होतं. तिने त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि ओढून काढलं. आत थोरला होता. कानातून रक्त गळ्यात उतरलेलं, तोंड उघडं, ओठ हलत होते पण आवाज नव्हता. बघणारी एक मुलगी अस्वलाला दोन डोकी म्हणून किंचाळली.

धाकट्याच्या हातातून दंडुका खाली आला.

"मला काय माहीत आत कोण आहे," तो म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं. मग भावाकडे वाकून म्हणाला, "अरे, एक शब्द बोलायचास. नुसतं माझं नाव घ्यायचंस."

थोरल्याने बऱ्याच प्रयत्नाने थुंकी गिळली.

"बोलायचं नसतं," तो म्हणाला.

धाकट्याचे सोबती हसले. धाकटाही हसला, किंवा त्याचं तोंड तसं झालं. दांडेवालीने ते पाहून ठेवलं.

सोड

गळ्याखालचं हाड मोडलं होतं आणि बरगड्या. उजव्या कानाने ऐकू येईना. उजवा हात गळ्यात बांधून थोरला घरात पडून राहिला. त्याला उठवायला, बसवायला, मागच्या बाजूला नेऊन आणायला दांडेवालीच. तो कण्हे. कूस बदलताना दात असे आवळी की एकाचा टवका उडाला.

किल्लेवाल्यांचे साहेब फळं घेऊन आले. थोरल्याशी न बोलता म्हाताऱ्याशी बोलले. धाकट्याला आत टाकतो, थोरल्याला जन्मभर बसून खायला घालतो, फक्त मधली. दुसऱ्या दिवशी पाणीवाल्यांचे आले. त्यांचं म्हणणं की अस्वलानेच आधी हात उचलला, तसं सांगणारी दहा माणसं आहेत, तेव्हा थोरलाच आत जाईल. तो जायला नको असेल तर मधली. म्हाताऱ्याने दोघांनाही विहिरीचं पाणी दिलं आणि वाट दाखवली. फळं वाफ्याच्या बांधावर तशीच सडली.

धाकटा आता मालकाच्या चाळीत राहत होता. एकदा दारापर्यंत आला, वहिनी म्हणून हाक मारली, आणि तिने आतून कडी घातली.

त्या दिवशी वांगी तोडताना ती म्हाताऱ्याला म्हणाली, "त्याला माहीत होतं. चाल पाहिली त्याने."

"राग आला की चाल दिसत नाही," म्हातारा म्हणाला.

"मला दिसली. रस्त्याच्या पलीकडून दिसली."

म्हातारा पुढच्या झाडाकडे सरकला. तो दोघांचाही बाप होता, आणि हे तिच्या ध्यानात यायचं तेव्हा तिला त्याचा राग यायचा.

थोरल्याला मात्र हळूहळू वाचा फुटली. आधी एकेक शब्द, मग दिवसभर. एकच बोलायचा: हात उचलला गेला की मारीन. ती त्याच्या खांद्याला तेल लावताना ऐकायची, आणि हो म्हणायची नाही, नाही म्हणायची नाही.

धर

त्या सकाळी फुटक्या डब्याची नवी बैठक बसवली होती. गिऱ्हाईक यायच्या आत पाळणा रिकामाच फिरवून बघायचा होता. म्हातारा पलीकडे डब्याची खीळ ठोकत होता. इंजिन चालू होतं, पट्टा फिरत होता, आणि दांडेवाली पोटाखाली दांडा दाबून त्या एका शब्दाची वाट बघत होती.

फटीतून तिला काळे बूट दिसले.

ते म्हाताऱ्याच्या अनवाणी पायांशी जाऊन थांबले. धडधडीतून तुकडे ऐकू येत होते. आज संध्याकाळी आमचे लोक जागा मोजायला येतील. तुम्ही नुसतं उभं राहा. नाहीतर ते यंत्र आणून पाळणा पाडतील, मग मला बोल लावू नका. म्हातारा ठोकत राहिला. मग घराकडून आणखी दोन पाय आले, डावा बाहेर वळलेला, घाईने फरफटत. एक लांबलचक लोखंडी पाना जमिनीवरून घासत येत होता.

पाना वर गेला. बूट मागे सरकले. कुणाच्या तरी हाडावर लोखंड वाजलं आणि धाकटा ओरडला. मग चारही पाय एकमेकांत गेले, माती उडाली, ठोकायचा आवाज थांबला. दोघे चाकाखाली कोसळले, ऐन मधोमध, जिथे डबे सगळ्यांत खाली येतात.

तिला आता एवढंच दिसत होतं. दोन टाचा मातीवर, बोटं आभाळाकडे, डावं पाऊल बाहेर पडलेलं. थोरला उताणा. आणि त्याच्या दोन्ही अंगांना दोन गुडघे टेकलेले, काळ्या कापडाचे. धाकटा त्याच्या छातीवर बसला होता.

टाचा माती उकरत होत्या. हाड मोडल्याचा आवाज तिने तिठ्यावर ऐकला होता, तोच सांधत आलेल्या हाडातून पुन्हा आला. त्यामागून थोरल्याचा श्वास, अस्वलातून येई तसा, शिट्टी वाजल्यासारखा.

सोड

"सोड."

म्हाताऱ्याचा आवाज. हात दांड्यावरून अर्धा उचलला गेला, सवयीने. तिने तो पुन्हा दाबला.

चाकाखालचं गवत तीच खुरपायची. पाळणा चालू असतानाही खुरपायची. जमिनीला अंग लावून पडलं तर डबा वीतभर वरून जातो. मान जरी वर काढली

"सोड."

तर लागतो. कामात तो एकदाच म्हणतो. टाचा थांबल्या. थोरल्याच्या टाचा उकरायच्या थांबल्या, डावं पाऊल आणखी बाहेर कललं, आणि काळे गुडघे अजून आवळले

"सोड."

तिने सोडलं.

पट्टा ताणला, चाक हललं. पहिला डबा धाकट्याच्या पाठीला लागला आणि तो पुढे भावाच्या तोंडावर वाकला. तो उठायला गेला. उठायला जाणं हीच चूक. दुसऱ्या डब्याची लोखंडी कड त्याच्या कानामागे बसली आणि त्याला बरोबर ओढत घेऊन गेली, चार हात, मग टाकून पुढे गेली. तिसरा डबा त्याच्यावर थबकला, थरथरला, इंजिनाने कण्हून जोर केला, आणि काहीतरी मोडून तोही वर गेला.

"धर. धर. धर."

तिने धरलं. लाकडी ठोकळ्यातून धूर निघाला. फटीतून एक काळा बूट दिसत होता, त्यात पाय होता, पण बूट ज्या दिशेला होता त्या दिशेला पाय वळत नाही. थोरला कुशीवर होऊन ओकत होता. दांडा न सोडता ती आणखी वाकली, तेव्हा म्हातारा चाकाचे आरे दोन्ही हातांनी धरून उभा दिसला, जसं काही त्यानेच ते थांबवलं होतं.

मग तिने इंजिन बंद केलं, आणि दोन्ही भिंतींपलीकडून लाउडस्पीकरची गाणी ऐकू आली.

.

पोलिसांची जीप वाफ्यांतून आत आली. साहेबाने पत्र्यामागे उभं राहून पाहिलं, वाकून पाहिलं, दांडा दाबून पाहिला. मग तिला विचारलं की तिने काय ऐकलं. ती तोंड उघडणार इतक्यात म्हातारा मध्ये बोलला.

"मी सोड म्हणालो. तिने सोडलं. तिचं कामच ते."

"मुलाला म्हणालात ना? भावाला सोड म्हणून?"

"चाकाला म्हणालो."

साहेबाने लिहिणं थांबवलं. दोघे खाली दिसत होते का, त्याने विचारलं. म्हातारा दिसत होते म्हणाला. मग का, तर म्हणाला की रोज रोज ऐकून कंटाळलो होतो. थोरला भिंतीला टेकून बसला होता. त्याचा एक कान चांगला होता. त्याने मान हलवली नाही, हो अशी नाही आणि नाही अशीही नाही.

जीपमध्ये बसायच्या आधी म्हाताऱ्याने पाणी मागितलं. दांडेवालीने तांब्या भरून नेला. त्याने चूळ भरली, तोंडावर पाणी मारलं, उरलेलं प्यायला. बोलला ते तांब्यात बोलल्यासारखं.

"तुला कळलं होतं."

तिने पदराला हात पुसले.

"तीन वेळा म्हणालो मी. माझ्या पोराला म्हणालो."

"मग साहेबापुढे माझं नाव घ्यायचं होतं, मामंजी."

"तू आत गेलीस तर तुझा नवरा आज संध्याकाळी मधली देऊन मोकळा होईल," म्हातारा म्हणाला. "मी गेलो तर तू देणार नाहीस. कुणालाच नाही. तेवढं आहे तुझ्यात, ते पाहिलं आज." त्याने तांब्या तिच्या हातात दिला, तिच्याकडे न बघता. "माझ्यासमोर मात्र येऊ नकोस. तुरुंगातही नको."

जीप गेली. वाफ्यांत चाकांच्या दोन चाकोऱ्या उरल्या, मिरचीची रोपं आडवी. तिने ती उभी करून मुळांशी माती दाबली. जी मोडली होती ती उपटून टाकली. मग बादलीने पाणी आणून चाकाखालची जमीन धुतली, लाल चिखल खोऱ्याने ओढून विहिरीपासून लांब टाकला.

ऊन उतरायच्या आत किल्लेवाल्यांचा माणूस बाहेरच्या फाटकाशी आला. घडलं त्याचं फार वाईट वाटलं, साहेबही हळहळले, आता या जागेत जीव तरी कसा रमायचा, असं तो बाहेरूनच सांगत होता. थोरला भिंतीचा आधार घेत उठला. त्याने सदऱ्याची बटणं डाव्या हाताने लावायला घेतली. देऊन टाकू, तो म्हणाला, आता काय उरलंय.

"बसा," दांडेवाली म्हणाली.

आवाज चढवून नाही. तो बसला. बसताना आधी खुर्ची ओढून भिंतीला लावली, म्हणजे पाठीमागे कुणाला जागा राहू नये. ती खोऱ्याचा चिखल पुसत होती. तो तिच्या हातांकडे बघत होता, ती इकडे गेली की इकडे, तिकडे गेली की तिकडे.

खोरं पुसून होत आलं तेव्हा तो म्हणाला, "मीही होतो खाली."

तिने खोरं दाराशी उभं करून ठेवलं.

"तुम्ही आडवे होतात," ती म्हणाली, आणि चूल पेटवायला आत गेली. फाटकाशी तो माणूस अजून हाका मारत होता.